नावापुढची अक्षरे आणि बडोद्याचा करार
(डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या परदेशी शिक्षणाची कथा)

आपल्या मंडळातील बहुतेक घरांत आता एखादे तरी मूल परदेशी शिकायला गेलेले असते, नाहीतर जायच्या तयारीत असते. त्यामुळे मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या वेळी एम.एस. आणि एम.एस्सी. यांत फरक काय, कॉलेज मोठे की युनिव्हर्सिटी मोठी, अमुक संस्था स्वतःची पदवी देते की दुसऱ्याची, असे प्रश्न कानावर येतात. १४ एप्रिल जवळ आला की ज्यांच्या तसबिरीला आपण हार घालतो, त्यांच्या नावापुढे एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ अशी अक्षरांची रांग लावण्याची पद्धत आहे. ती रांग आपण वाचतो आणि पुढे जातो. त्यातले प्रत्येक अक्षर कोणत्या संस्थेने दिले, कोणत्या पातळीचे होते, त्याला किती वर्षे आणि कोणाचे पैसे लागले, हे पाहिले तर एक वेगळेच चरित्र समोर येते. त्या चरित्राचा मोठा भाग आपल्या बडोद्याशी बांधलेला आहे. त्यात अभिमानाने सांगण्यासारखे आहे, तसे मान खाली घालावी असेही आहे. दोन्ही सांगणे आम्हाला आवश्यक वाटते.

महूपासून मुंबईपर्यंत

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी इंदूरजवळच्या महू छावणीत झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिक्षक होते. त्या काळी महार समाजातील मुलांच्या वाट्याला शाळेचा उंबरठाही सहज येत नसे. पण लष्करी नोकरीमुळे या घरात लिहिणे-वाचणे आले होते आणि मुलांनी शिकावे याबद्दल सुभेदारांचा आग्रह कडक होता. दापोली, सातारा आणि पुढे मुंबई असा मुक्काम हलत गेला. साताऱ्यात असतानाच आई भीमाबाई गेल्या. शाळेत वेगळे बसायचे, पाण्याच्या भांड्याला हात लावायचा नाही, हे तिथेच सुरू झाले.

मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमधून ते मॅट्रिक झाले. त्यांच्या समाजातील मुलाने मॅट्रिक होणे ही एवढी मोठी गोष्ट होती की त्यासाठी सत्काराची सभा झाली. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षक-लेखकांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे पैशाअभावी शिक्षण अडणार असे दिसताच केळुसकर गुरुजींनीच खटपट करून बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. बडोद्याशी आलेला हा पहिला संबंध.

एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी.ए. झाले. परीक्षा १९१२ च्या अखेरीस झाली. इथे पहिली समजून घेण्याची गोष्ट येते. शिकवले कॉलेजने, पण पदवी दिली मुंबई विद्यापीठाने. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभे केलेले होते. कॉलेजांनी शिकवायचे, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. आपले बडोदा कॉलेजही तेव्हा मुंबई विद्यापीठालाच जोडलेले होते. बडोद्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९४९ साली.

साडेअकरा पौंड आणि दहा वर्षे

शिष्यवृत्तीचे ऋण मानून १९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोद्यात नोकरीस आले. वडिलांना ते फारसे पसंत नव्हते. तिथे काय वाढून ठेवले असेल याचा त्यांना अंदाज असावा. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतीच्या वाटेवर सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते उतरले आणि गाडी चुकली, असे चरित्रकार सांगतात. घरी पोचले तेव्हा शेवटची नजरभेट तेवढी झाली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी गेले.

त्याच वर्षी सयाजीराव महाराजांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी पाठवायचे ठरवले. भीमरावांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी बडोद्यात करारावर सह्या झाल्या. अटी सरळ होत्या. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळतील आणि शिक्षण पुरे करून आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावी लागेल.

आयुष्यभर बँकेत आकडेमोड केल्यामुळे आम्हाला या रकमेचा हिशेब केल्यावाचून राहवत नाही. तेव्हा एका पौंडाला पंधरा रुपये पडत, म्हणजे ही रक्कम महिना सुमारे १७२ रुपये झाली. न्यूयॉर्कमध्ये तिचे सुमारे ५६ डॉलर होत. त्यातच राहणे, जेवण, पुस्तके आणि घरी पाठवायचे पैसे. घरी पत्नी रमाबाई होत्या, लहान यशवंत होता आणि वडिलांच्या मागे उरलेले कुटुंब होते. शिष्यवृत्ती मोठी होती हे खरे; पण तिच्यावर दोन खंडांतले संसार चालायचे होते.

दहा वर्षांच्या नोकरीची अट अन्यायाची होती असे कोणी म्हणणार नाही. संस्थान पैसा घालत होते, तर त्याचा उपयोग संस्थानला व्हावा, ही अपेक्षा रास्तच. आजही सरकारी शिष्यवृत्त्यांना अशी हमीपत्रे असतात. प्रश्न अटीत नव्हता. ज्याच्याकडून दहा वर्षांची नोकरी मागितली, त्याला त्या गावात दहा रात्री तरी सुखाने राहता येईल का, हा प्रश्न मात्र करारात कुठेच नव्हता.

कोलंबिया : एम.ए. आणि अर्ध्यावरची पीएच.डी.

१९१३ च्या जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोचले. कोलंबिया विद्यापीठ हे १७५४ मध्ये किंग्ज कॉलेज म्हणून सुरू झालेले खासगी विद्यापीठ. खासगी म्हटले की आपल्याकडे अजून शंका घेतली जाते; पण अमेरिकेतील अनेक जुनी आणि नामवंत विद्यापीठे खासगीच आहेत. तिथे एकाच छताखाली पदवीपूर्व कॉलेज असते आणि पदवीनंतरचे स्वतंत्र विभाग असतात. भीमराव पदवीनंतरच्या राज्यशास्त्र शाखेत दाखल झाले. या शाखेत अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र असे सारे विषय येत.

अमेरिकन पद्धतीचा त्यांनी पुरेपूर फायदा घेतला. तिथे ठरलेला एकच अभ्यासक्रम नसतो. विद्यार्थी आपल्या आवडीनुसार वेगवेगळे वर्ग घेतो. त्यांनी एकट्या अर्थशास्त्राचे २९ वर्ग घेतले. शिवाय इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि थोडे राज्यशास्त्र, फ्रेंच, जर्मन. अर्थशास्त्राला एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञानाला जॉन ड्यूई असे गुरू लाभले. वसतिगृहात नवल भथेना या पारशी तरुणाशी मैत्री झाली, ती जन्मभर टिकली. आणि जेवणाच्या टेबलावर कोणी जात विचारीना, हा अनुभव आयुष्यात प्रथम मिळाला.

१९१५ मध्ये त्यांनी एम.ए. मिळवली. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. तेव्हा वय होते २५. त्याच वर्षी जूनमध्ये भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावरचा पीएच.डी.चा प्रबंध सादर केला. तो स्वीकारला गेला, पण पदवी हाती पडली नाही. कारण प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाकडे दिल्याशिवाय पीएच.डी. रीतसर बहाल करायची नाही, असा तिथे नियम होता. छपाईला पैसे हवेत आणि ते नव्हते. पुढे त्या कामाचे विस्तारित रूप ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थकारणाच्या उत्क्रांतीवरील ग्रंथ म्हणून १९२५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. त्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना होती. कोलंबियाने पीएच.डी. बहाल केली ८ जून १९२७ रोजी. प्रबंध स्वीकारला गेल्यापासून पदवी मिळेपर्यंत ११ वर्षे गेली.

लंडन : दोन दारे, दोन जाती

अमेरिकेत थांबणे शक्य होते. पण त्यांची नजर लंडनवर होती. महाराजांकडून मुदत वाढवून घेऊन १९१६ च्या ऑक्टोबरमध्ये ते लंडनला आले आणि एकाच वेळी दोन ठिकाणी नाव घातले. एक लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि दुसरे ग्रेज इन.

ही दोन्ही नावे ऐकायला सारखीच भारदस्त, पण दोन संस्थांची जात निराळी. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स १८९५ ची. नावात स्कूल असले तरी ती आपल्या अर्थाने शाळा नव्हे. १९०० सालापासून ती लंडन विद्यापीठाचा भाग आहे. तिथे शिकणाऱ्याला पदवी मिळे ती लंडन विद्यापीठाची. ही संस्था स्वतःच्या नावाने पदव्या देऊ लागली ती थेट २००८ मध्ये. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेज आणि मुंबई विद्यापीठ यांचे जे नाते, तेच इथे.

ग्रेज इन मात्र विद्यापीठही नाही आणि कॉलेजही नाही. लंडनमध्ये बॅरिस्टरांच्या चार जुन्या संस्था आहेत, त्यांतली ही एक. तिथे नाव घालायचे, ठरलेल्या सत्रांत तिथल्या भोजनगृहात ठरावीक वेळा जेवायचे, परीक्षा द्यायच्या, मग संस्था बॅरिस्टर म्हणून बोलावते. बार-ॲट-लॉ ही त्यामुळे विद्यापीठाची पदवी नसून व्यवसाय करण्याचा परवाना आहे. आजही परदेशी शिक्षणाचा विचार करताना पदवी आणि परवाना यांची गल्लत होते. विद्यापीठाने डॉक्टर, वकील किंवा हिशेबनीस म्हणून शिकवले तरी त्या देशात काम करण्याची परवानगी बहुधा वेगळी संस्था देते.

वर्ष संपले आणि शिष्यवृत्ती संपली. संस्थानकडून परत बोलावणे आले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन १९१७ च्या उन्हाळ्यात ते निघाले. ही परवानगी त्यांनी लेखी पदरात पाडून घेतली, म्हणून पुढचे सारे शक्य झाले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान आणि पुस्तके वेगळ्या बोटीने येत होती, ती बोट पाणतीराने बुडवली गेली. विम्याचे ६०० रुपये मिळाले. त्या पैशातूनच त्यांनी बडोद्याच्या प्रवासाची व्यवस्था केली.

बडोद्यातले अकरा दिवस

१९१७ च्या सप्टेंबरमध्ये करार पाळण्यासाठी भीमराव बडोद्याला आले. त्यांना घेऊन यायला स्टेशनवर माणूस पाठवावा असा महाराजांचा हुकूम होता, पण कोणी आले नाही. कोलंबियाचा एम.ए., प्रबंध स्वीकारला गेलेला विद्वान गावात उतरला आणि राहायला जागा मिळेना. हिंदू खानावळींत घेईनात. शेवटी एका पारशी सराईत पारशी नावाने नोंद करून वरच्या मजल्यावर ते राहिले. अडगळीचे सामान, अंधार आणि सोबतीला कोणी नाही, असे ते राहणे त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवले आहे.

त्यांची नेमणूक अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवार म्हणून झाली. पुढे अर्थखात्याची जबाबदारी द्यावी असा महाराजांचा मानस होता. कचेरीत शिपाई दुरून फायली टाकत. पिण्याचे पाणी मिळत नसे. संध्याकाळी ते वाचनालयात बसत. सरकारी बंगल्यासाठी अर्ज केला होता, तो कागद हलत नव्हता.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघत असताना दहा-बारा पारशी काठ्या घेऊन आले. सराई बाटवल्याचा जाब विचारला आणि संध्याकाळपर्यंत निघून जायला बजावले. त्या दिवशी त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू होता, एक ख्रिस्ती. पहिल्याने सांगितले की तुम्ही आलात तर घरचे नोकर निघून जातील. दुसऱ्याने बायकोला विचारून सांगतो म्हणून वेळ काढली. मग दिवसाचा उरलेला वेळ त्यांनी कमाटीबागेत काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. दहा वर्षांचा करार असा अकरा दिवसांत संपला.

ही हकीकत सांगताना पारशी सराईवर बोट ठेवून मोकळे होणे सोपे आहे. आम्हाला ते पुरेसे वाटत नाही. गायकवाडांच्या राज्यात कचेऱ्यांतून मराठी माणसे मोठ्या संख्येने होती. आपल्यातल्या कित्येकांचे आजोबा-पणजोबा याच कचेऱ्यांतून कारकून, शिरस्तेदार, शिक्षक होते. रावपुऱ्यात, दांडिया बाजारात मराठी वाडे भरलेले होते. त्यांतल्या एकाही वाड्याचा दरवाजा त्या दिवशी उघडला नाही. राजा काळाच्या पुढे होता. १९०६ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सगळ्या राज्यात त्याने लागू केले होते. पण राजाने शिष्यवृत्ती देता येते, शेजार देता येत नाही. तो आपणच द्यायचा असतो, आणि तो आपण दिला नाही. सयाजीराव महाराजांचा फोटो भिंतीवर लावताना हेही मुलांना सांगायला हवे.

पुन्हा लंडन, या वेळी स्वतःच्या पैशाने

मुंबईत त्यांनी शिकवण्या केल्या. शेअर व्यवहारांत सल्ला देण्याची कचेरी काढली, पण सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली. १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ४५० रुपयांवर नेमणूक झाली. आमच्यासारख्या बी.कॉम. झालेल्यांना या कॉलेजाचे नाव वेगळे सांगायला नको. वाणिज्य शिक्षणाची आपल्या देशातली परंपराच तिथून सुरू होते. तिथेही काही प्राध्यापकांनी पाण्याच्या माठाला शिवण्यावरून हरकत घेतली. विद्यार्थी मात्र त्यांच्या वर्गाला गर्दी करत.

पगारातला मोठा भाग ते शिल्लक टाकत. रमाबाईंनी परळच्या चाळीतल्या खोलीत काटकसरीने संसार चालवला. त्यांच्या नावापुढे एकही अक्षर लागले नाही, पण नवऱ्याच्या नावापुढच्या अक्षरांचा निम्मा खर्च त्यांनी सोसला असे म्हटले तर चूक होणार नाही. १९२० च्या मार्चमध्ये राजीनामा देऊन, शिल्लक पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेले १५०० रुपये आणि नवल भथेनांकडून घेतलेले ५००० रुपयांचे कर्ज अशी बेगमी करून ते जुलैत लंडनला निघाले. चार वर्षांची मुदत संपायला वर्षभराचाच अवधी होता.

हे दिवस फार ओढगस्तीचे होते. सकाळी पावाचा तुकडा आणि चहा, दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात किंवा इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात बसणे, रात्री मित्राने दिलेले पापड भाजून खाणे, असे वर्णन चरित्रांत आहे. दुपारचे जेवण बहुधा नसेच.

याच काळात हुंडणावळीचे चक्र उलटे फिरले. १९२० च्या आरंभी रुपया दोन शिलिंगांच्याही वर चढला होता. १९२१ मध्ये तो एक शिलिंग चार पेन्सच्या खाली आला. म्हणजे घरून तेवढेच रुपये मागवले तरी हातात पडणारे पौंड एक तृतीयांशाहून अधिक घटले. आज डॉलर वर गेला की आपल्या मुलांची फी वाढते, तेच हे. आणि नेमका याच प्रश्नावर, रुपयाची किंमत कोण आणि कशी ठरवते यावर, हा अर्धपोटी विद्यार्थी लंडनमध्ये बसून प्रबंध लिहीत होता.

१९२१ मध्ये त्यांनी एम.एस्सी. मिळवली. विषय होता ब्रिटिश भारतातील साम्राज्याच्या अर्थकारणाचे प्रांतिक विकेंद्रीकरण. २८ जून १९२२ रोजी ग्रेज इनने त्यांना बॅरिस्टर केले. मधल्या काळात जर्मनीत बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव घातले होते, पण तिथली पदवी घेतली नाही. १९२२ च्या ऑक्टोबरमध्ये रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्सी.चा प्रबंध सादर केला.

डी.एस्सी. म्हणजे काय, हे इथे सांगायला हवे. अमेरिकेत पीएच.डी. ही शेवटची पायरी. इंग्लंडमध्ये मात्र पीएच.डी. ही पदवी तेव्हा अगदी नवी होती. ऑक्सफर्डने तिची सुरुवात १९१७ मध्ये केली. त्याआधीपासून तिथे डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी होती आणि तिचा मान फार वरचा होता. म्हणूनच एका डॉक्टरेटचा प्रबंध स्वीकारला गेला असतानाही त्यांनी हा घाट घातला. आणि पीएच.डी. झालेला माणूस पुन्हा एम.एस्सी. का करतो, या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. एका देशातली पायरी दुसऱ्या देशात तशीच्या तशी मोजली जात नाही.

प्रबंध मंजूर व्हायला वेळ लागला. १९२३ च्या मार्चमध्ये परीक्षकांनी त्यात फेरफार सुचवले. पैसे संपले होते, तेव्हा ते मुंबईला परतले आणि दुरुस्त प्रबंध तिथून पाठवला. वर्षअखेरीस डी.एस्सी. मिळाली. प्रबंध लगेच पुस्तकरूपाने निघाला. त्याला त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांची प्रस्तावना होती आणि अर्पणपत्रिकेत आई-वडिलांची नावे.

अक्षरांचा उपयोग

या पदव्यांचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण तो इतिहास सर्वांना माहीत आहे. बॅरिस्टरीची सनद घेण्यापुरतेही पैसे जवळ नव्हते. तेही भथेनांनी दिले. मुंबई हायकोर्टात वकिली सुरू झाली. त्या जोडीला बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला, पुढे मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक आणि १९३५ मध्ये प्राचार्य झाले. चवदार तळे, गोलमेज परिषद, घटना समिती या सगळ्यांत कायद्याचा आणि अर्थशास्त्राचा हा दुहेरी पाया दिसतो.

बँकवाल्यांना एक गोष्ट विशेष जवळची वाटावी. रुपयाचे मूल्य सरकारच्या मर्जीवर सोडू नये, नाण्यांच्या निर्मितीवर मर्यादा हवी, नाहीतर महागाईचा मार गरिबांवर पडतो, हा त्यांच्या प्रबंधाचा गाभा होता. त्या काळी केन्ससारखा अर्थतज्ज्ञ भारतासाठी सुवर्ण विनिमय पद्धतीची बाजू घेत होता. तिचा दोष त्यांनी आकड्यांनिशी दाखवला. १९२५ च्या डिसेंबरमध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. याच आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी दलित विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिक्षणाच्या सरकारी शिष्यवृत्त्या मागितल्या आणि मिळवल्या. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० मध्ये औरंगाबादला पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेलेले कॉलेज उभे केले. स्वतःला मिळालेले दार मागच्यांसाठी उघडे ठेवण्याची ही धडपड होती.

१९५२ च्या जूनमध्ये कोलंबियाने त्यांना एलएल.डी. आणि १९५३ च्या जानेवारीत हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने डी.लिट. दिली. या सन्मानाच्या पदव्या, अभ्यास करून मिळवलेल्या नव्हेत. दोन्हींचा मान मोठा असला तरी त्या निरनिराळ्या आहेत हे लक्षात ठेवावे. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आपल्या मुलांसाठी

या चरित्रातून परदेशी जाणाऱ्या मुलांनी आणि पालकांनी चार गोष्टी उचलाव्यात असे आम्हाला वाटते. शिकवणारी संस्था आणि पदवी देणारी संस्था एकच आहे का, ते आधी पाहावे. स्कूल, कॉलेज, इन्स्टिट्यूट या नावांवरून दर्जा ठरवू नये. इंग्लंडमधली पदव्युत्तर पदवी बहुधा एका वर्षाची आणि ठरलेल्या विषयाची असते, अमेरिकेतली बहुधा दोन वर्षांची आणि विषय निवडण्याला वाव देणारी असते. आपल्या तीन वर्षांच्या पदवीला तिथे काय मोल आहे ते अर्जाआधी विचारावे. पदवी प्रत्यक्ष हाती पडायला काय काय पुरे करावे लागते याचे नियम पहिल्याच दिवशी वाचावेत. आणि पैशाचा हिशेब करताना हुंडणावळ बदलेल हे धरून चालावे, मुदतवाढीची परवानगी लेखी घ्यावी.

पाचवी गोष्ट मुलांसाठी नाही, आपल्यासाठी आहे. आज आपली मुले टोरंटोला, मेलबर्नला, बर्लिनला जातात आणि राहायला खोली मिळत नाही, नाव पाहून घरमालक नकार देतो, अशी तक्रार फोनवर करतात. आपला जीव कासावीस होतो. त्याच वेळी आपल्या सोसायटीत भाड्याने खोली मागायला आलेल्या मुलाचे आडनाव विचारून आपण काय उत्तर देतो, तेही एकदा पाहावे.

कमाटीबागेत ज्या वडाखाली बाबासाहेबांनी तो दिवस काढला असे मानले जाते, ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. आपल्यापैकी अनेकजण मुलांना बागेत प्राणी आणि म्युझियम दाखवायला नेतात. या १४ एप्रिलला पाच मिनिटे त्या झाडाखालीही थांबावे, आणि परदेशी निघालेल्या मुलाला तर नक्कीच तिथे नेऊन ही हकीकत पूर्ण सांगावी.

बाबासाहेबांना आणि सयाजीराव महाराजांना मंडळातर्फे विनम्र अभिवादन.